विश्लेषण : पुनावळेत दर ११ महिन्यांनी घरभाड्याचा वाद का पेटतो? वाढीवर कायद्याची मर्यादा आहे की नाही?

हिंजवडी आयटी पार्कच्या शेजारी असलेल्या पुनावळे, ताथवडे, रावेत आणि वाकड या पट्ट्यात करोनानंतर घरभाडे झपाट्याने चढले. कराराची मुदत संपत आली की घरमालकाचा ‘मार्केट रेटप्रमाणे द्या, नाहीतर घर रिकामे करा’ असा निरोप येतो आणि वादाला तोंड फुटते. ‘वर्षाला एवढी वाढ करताच येत नाही’ असे भाडेकरू म्हणतात, तर ‘घर माझे, भाडे मी ठरवणार’ असे घरमालकांचे म्हणणे. यात कायदा नेमका कोणाच्या बाजूने आहे?

नेमका वाद काय?

या भागातील बहुतेक सदनिका ११ महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिल्या जातात. सामान्य बोलण्यात आपण त्याला ‘भाडेकरार’ म्हणतो. कायद्याच्या भाषेत मात्र हा वापराचा परवाना आहे. घर वापरणारी व्यक्ती येथे ‘भाडेकरू’ नसून ‘लायसन्सी’ असते आणि ती दरमहा देते ते ‘भाडे’ नसून ‘परवाना शुल्क’ असते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. ११ महिने संपले की परवाना संपतो. त्यानंतर घरमालक जे मागतो ती जुन्या भाड्यातील वाढ नसते, तो नव्या कराराचा प्रस्ताव असतो. २५ हजारांचे ३० हजार झाले तर भाडेकरूच्या दृष्टीने ती २० टक्के वाढ असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र एक व्यवहार संपलेला असतो आणि दुसरा सुरू व्हायचा असतो. त्यामुळे ‘जास्तीत जास्त किती टक्के वाढ?’ हा प्रश्न कायद्यापुढे उभाच राहत नाही.

पुनावळेत मागणी का वाढली?

पुनावळे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांपैकी एक. मुंबई-बंगळूरु महामार्गालगतचे हे गाव दीर्घकाळ शेतीचे होते. एका बाजूला हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क, दुसऱ्या बाजूला रावेत-आकुर्डी, जवळच किवळे येथून सुरू होणारा मुंबई द्रुतगती मार्ग आणि महामार्गानेच पुढे तळेगाव-चाकणचा औद्योगिक पट्टा. या जागेमुळे वाकड-ताथवडे भरत आल्यावर बांधकामांचा ओघ पुनावळेकडे वळला.

मार्च २०२० नंतर घरून काम सुरू झाले, आयटी कर्मचारी गावी परतले आणि भाडी उतरली. अनेकांनी त्या काळात कमी भाड्यात करार केले. २०२२ पासून कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना टप्प्याटप्प्याने कार्यालयात बोलावले आणि मागणी एकदम परत आली. ताथवडे आणि आकुर्डी परिसरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी, चाकणच्या कंपनी बसने जाणारे अभियंते, हिंजवडीत काम करणारे सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी असे सर्वच या भागात घर शोधतात.

वाहतूक कोंडीनेही भाड्याला हातभार लावला आहे. भूमकर चौक किंवा पुनावळेच्या अरुंद भुयारी मार्गात रोज अडकण्यापेक्षा कार्यालयाजवळ दोन-तीन हजार जास्त मोजणे अनेकांना परवडते. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले, पण कामाची मुदत वारंवार पुढे गेली. प्रवास सुधारला असता तर लोकांनी लांबची घरेही पाहिली असती. तसे न झाल्याने जवळच्या घरांसाठीची स्पर्धा वाढली.

येथे विरोधाभास असा की भाडे वाढले, सुविधा त्या वेगाने वाढल्या नाहीत. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा आहे. नव्या सोसायट्यांना टँकर मागवावे लागतात आणि त्याचा खर्च देखभाल शुल्कात येतो. तो कोणी भरायचा, हाही वादाचा एक नेहमीचा मुद्दा.

घरमालकांची बाजू काय?

पुनावळेतील प्रत्येक घरमालक श्रीमंत गुंतवणूकदार नसतो. अनेकांनी कर्ज काढून सदनिका घेतली, नंतर नोकरीनिमित्त बंगळूरु, मुंबई किंवा परदेश गाठले आणि घर भाड्याने दिले. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ टक्क्यांवर गेला. बदलत्या व्याजदराच्या कर्जांवर याचा थेट परिणाम झाला.

उदाहरणार्थ, २० वर्षांच्या ५० लाखांच्या कर्जावर व्याज ७ टक्के असेल तर मासिक हप्ता सुमारे ३८,७०० रुपये बसतो. तेच व्याज ९ टक्के झाले की हप्ता सुमारे ४५ हजारांवर जातो. म्हणजे महिन्याला सहा हजारांहून अधिक बोजा. बँकेने हप्ता तोच ठेवला, तर कर्जाची मुदत लांबते. यात देखभाल शुल्क, मालमत्ता कर आणि घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेत असलेले बिनभोगवटा शुल्कही येते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

मात्र या युक्तिवादाला दुसरी बाजूही आहे. फेब्रुवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर कमी करायला सुरुवात केली. हप्ता वाढला म्हणून भाडे वाढवणारा घरमालक हप्ता कमी झाल्यावर ते कमी करेल, अशी अट कोणत्याही करारात नसते. भाडे शेवटी हप्त्यावर ठरत नाही. शेजारच्या इमारतीतील तशीच सदनिका किती रुपयांना गेली, त्यावर ते ठरते.

‘वर्षाला ४ टक्के’ ही मर्यादा खरी आहे का?

समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारा हा दावा अर्धवट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ११ मध्ये वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद आहे. पण ती या कायद्याखालील भाडेकरूंसाठी आहे. वेगळा लेखी करार नसेल, तर घरमालकाला वार्षिक ४ टक्के वाढ घेता येते, असा तिचा आशय आहे. पुण्याच्या पेठांमधील किंवा मुंबईच्या चाळींतील जुन्या भाडेकरूला तिचा आधार मिळतो. पुनावळेतील ११ महिन्यांच्या परवान्यावर राहणाऱ्याला मिळत नाही.

तसेच १० टक्के वाढीचे. ‘दरवर्षी १० टक्के वाढ कायदेशीर आहे’ असे दलाल सांगतात, पण तो केवळ बाजारातील प्रघात आहे. करारात लिहिले असेल तर तो आकडा बंधनकारक ठरतो, लिहिले नसेल तर ना १० टक्क्यांची सक्ती, ना १० टक्क्यांची मर्यादा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. कराराची मुदत चालू असताना, करारात तशी अट नसेल, तर भाडे एकतर्फी वाढवता येत नाही. सहाव्या महिन्यात ‘रेट वाढले, पुढच्या महिन्यापासून तीन हजार जादा’ असा संदेश आला, तर त्याला कराराचा आधार नसतो.

हा ११ महिन्यांचा करार रुजला कसा?

याचे मूळ जुन्या कायद्यात आहे. मुंबई भाडे कायदा, १९४७ ने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला घरातून काढणे जवळपास अशक्य झाले. त्यातून सुटका म्हणून मालक घर ‘परवान्याने’ देऊ लागले, तर १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. मालकांनी याचा धडा घेतला. घर कुलूप लावून ठेवलेले बरे, पण भाड्याने नको.

डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर १९९९ चा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात परवान्याची मुदत संपल्यावर घर परत मिळण्याची हमी मालकांना मिळाली. या हमीमुळेच पुनावळेसारख्या उपनगरांत हजारो सदनिका भाड्याच्या बाजारात आल्या. म्हणजे भाडेकरूला सहज घर मिळते ते याच तरतुदीमुळे आणि ११ महिन्यांनी त्याच्या डोक्यावर टांगती तलवार असते तीही याच तरतुदीमुळे.

मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर?

येथे कायदा मालकाच्या बाजूने ठाम आहे. कलम २४ नुसार मुदत संपल्यावर परवानाधारकाने ताबा द्यायचा असतो. न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदत संपली आहे, याची खात्री झाली की प्राधिकारी निष्कासनाचा आदेश देतात. नोंदलेल्या तारखेनंतर ताबा देईपर्यंत करारातील शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. २५ हजारांच्या घरात दोन महिने जास्त राहिल्यास एक लाख रुपयांची जबाबदारी येऊ शकते. ‘वाढीव भाडे देणार नाही आणि घरही सोडणार नाही’ हा पवित्रा म्हणूनच महागात पडू शकतो.

पण याचा अर्थ मालकाने कुलूप बदलावे, सामान जिन्यात ठेवावे किंवा वीज-पाणी तोडावे असा होत नाही. ताबा परत घेण्याचा मार्ग सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याचा आहे. परवानाधारकाला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागता येते. पोलीसही भाड्याची रक्कम ठरवून देऊ शकत नाहीत, तो दिवाणी वाद असतो. मात्र धमकी, मारहाण किंवा घरात जबरदस्तीने घुसणे असा प्रकार घडल्यास तक्रार करता येते.

करार नोंदवलाच नसेल तर?

‘११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा सर्वांत मोठा गैरसमज. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, हा नोंदणी कायद्यातील नियम त्यामागे आहे. देशात इतरत्र त्यामुळेच ११ महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

याच कलमात भाडेकरूच्या कामाची एक ओळ दडलेली आहे. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मालकाने ते खोटे ठरवेपर्यंत. पुनावळेच्या गावठाणात किंवा वस्त्यांवर बिगरसोसायटी इमारतींत तोंडी बोलीवर एक-दोन खोल्यांत राहणाऱ्या कामगारांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे. त्यासाठी भाडे रोखीने देण्याऐवजी यूपीआयने द्यावे, रोख दिल्यास पावती घ्यावी. आपले म्हणणे टिकवायला तोच पुरावा उपयोगी पडतो.

नोंदणीचा खर्चही फार नाही. भाडे २५ हजार, अनामत एक लाख आणि मुदत ११ महिने असेल, तर एकूण भाडे आणि अनामतीवरील १० टक्के दराने धरलेले व्याज मिळून रक्कम २ लाख ८४ हजारांच्या आसपास होते. त्यावर ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ७१० रुपये मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत एक हजार रुपये नोंदणी शुल्क. ऑनलाइन सुविधेमुळे आधारद्वारे अंगठा देऊन घरबसल्या नोंदणी होते. एजंट मात्र आपली फी वेगळी घेतो, म्हणून शासकीय शुल्काची पावती स्वतंत्र मागावी.

अनामत रकमेचा वाद कुठे सोडवायचा?

भाडेकरूची बाजू सर्वांत कमकुवत पडते ती येथे. घर परत हवे असलेल्या मालकासाठी सक्षम प्राधिकाऱ्याचा जलद मार्ग आहे. अनामत परत हवी असलेल्या परवानाधारकासाठी तसा मार्ग नाही. रंगकाम, साफसफाई, ‘किचन ट्रॉली खराब झाली’ अशी कारणे देऊन ३०-४० हजार कापले गेले, तर दिवाणी न्यायालयात जावे लागते. वकिलाची फी आणि लागणारा वेळ पाहता एवढ्या रकमेसाठी फारसे कोणी तेथवर जात नाही. मालकाला हे ठाऊक असते. म्हणूनच ‘शेवटचे दोन महिने भाडे देत नाही, अनामतीतून कापा’ असे भाडेकरू म्हणतात आणि वाद आणखी चिघळतो.

आकडेमोड कोणाच्या बाजूने?

वरवर पाहता सर्व पत्ते मालकाच्या हातात आहेत. पण गणित मांडले तर चित्र थोडे वेगळे दिसते. २५ हजार भाड्याच्या घरासाठी मालक ३० हजार मागतो, असे समजू.

भाडेकरू राहिला, तर ११ महिन्यांत त्याचे ५५ हजार जास्त जातील. तो बाहेर पडला, तर नव्या घराची एक महिन्याची दलाली सुमारे २५ हजार, टेम्पो-पॅकिंगचे १५ हजार, असे ४० हजार लागतील. शिवाय जुनी अनामत हातात येण्याआधी नवी भरावी लागते. मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात असेल तर बसचा मार्गही बदलतो. ४० हजारांना ११ ने भागले तर साधारण ३,६०० रुपये येतात. याच पातळीतील घर जुन्या भाड्यात मिळत असेल, तरीही महिना साडेतीन हजारांपर्यंतची वाढ भाडेकरू निमूटपणे सोसतो, त्याचे कारण हे आहे.

आता मालकाचा हिशेब. भाडेकरू गेल्यावर घर एक महिना रिकामे राहिले, तर २५ हजार बुडाले. रंगकाम-दुरुस्तीला १५ हजार धरले आणि त्यालाही दलाली द्यावी लागली, तर आणखी २५ हजार. एकूण ६५ हजार. पाच हजारांच्या वाढीतून ११ महिन्यांत मिळणार ५५ हजार. म्हणजे पहिल्या करारात मालक तोट्यातच राहतो. वेळेवर भाडे देणारे, घर नीट ठेवणारे कुटुंब दोन-तीन हजारांच्या वाढीवर टिकवणे त्याच्याही फायद्याचे असते.

हे गणित एका अटीवर फिरते : घर किती दिवस रिकामे राहते. मागणी इतकी असेल की आज रिकामे झालेले घर चार दिवसांत जाते, तर मालकाचा खर्च घटतो आणि पारडे त्याच्याकडे झुकते. म्हणून बोलणी करण्याआधी आपल्या सोसायटीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत किती घरे रिकामी आहेत, हे पाहणे दलालाच्या ‘मार्केट रेट’पेक्षा जास्त उपयोगाचे.

नवा कायदा येणार का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित, भाडेवाढीआधी तीन महिन्यांची लेखी सूचना, करारकाळात अट नसताना वाढ नाही आणि वादांसाठी भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय व न्यायाधिकरण अशा तरतुदी त्यात आहेत. मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे, ही मालकांच्या बाजूची तरतूदही आहे. मात्र तो स्वीकारणे राज्यांवर सोपवले आहे आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण जाईल ही मुंबईतील भीती हा त्यातील संवेदनशील मुद्दा आहे.

लक्षात घेण्याजोगे म्हणजे या आदर्श कायद्यातही भाडेवाढीला टक्क्यांची मर्यादा नाही. जर्मनीने २०१५ पासून घरटंचाई असलेल्या शहरांत नव्या कराराचे भाडे स्थानिक सरासरीपेक्षा साधारणतः १० टक्क्यांहून जास्त नसावे, असा नियम केला. पण त्यासाठी तेथे परिसरनिहाय भाड्याची अधिकृत सारणी असते. आपल्याकडे नोंदणी विभागाकडे लाखो करारांची माहिती जमा होते. ती परिसरनिहाय सरासरीच्या रूपात नियमित जाहीर झाली, तर टक्क्यांची मर्यादा न घालताही ‘मार्केट रेट’ म्हणजे नेमके काय, हे दोन्ही बाजूंना कळेल. आज तो आकडा दलाल आणि जाहिरातींची संकेतस्थळे सांगतात, ज्यांची कमाई व्यवहार होण्यावर अवलंबून असते.

तोपर्यंत भाडेकरूंनी काय करावे?

कायदा वाढ रोखत नसला तरी करार रोखू शकतो. म्हणून वाटाघाटीची खरी वेळ अकरावा महिना नसते, घर घेतानाची असते. तेव्हा मालकालाही भाडेकरू हवा असतो.

पहिले, ११ ऐवजी २२, ३३ किंवा ३६ महिन्यांचा करार मागावा. मुद्रांक शुल्काचा ०.२५ टक्के दर ६० महिन्यांपर्यंत चालतो. दरवर्षीची वाढ ५ किंवा ७ टक्के अशी आकड्यातच लिहावी. मालकालाही यात वारंवार भाडेकरू शोधण्याचा त्रास वाचतो.

दुसरे, ‘लॉक-इन’ कोणावर आहे ते वाचावे. काही करारांत तो फक्त भाडेकरूला बांधतो आणि मालक मात्र एका महिन्याच्या सूचनेवर मोकळा असतो. दोघांनाही समान सूचना-कालावधी हवा.

तिसरे, नूतनीकरण करायचे की नाही आणि किती भाड्याने, हे मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी लेखी कळवण्याची अट घालावी. शेवटच्या आठवड्यात येणाऱ्या निरोपाला त्यामुळे आळा बसतो.

चौथे, देखभाल, टँकर आणि पार्किंगचा खर्च कोणाचा, तसेच रंगकामासाठी कमाल किती कपात, हे रुपयांत लिहावे. ताबा घेताना भिंती, नळ, ट्रॉली यांचे फोटो-व्हिडीओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावेत. अनामत ताबा देताच किंवा ठरावीक दिवसांत परत करण्याची तारीख हवी.

घरमालकांसाठीही हेच लागू आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे, करार नोंदवणे आणि मुदतीची तारीख स्पष्ट ठेवणे यातच त्यांचे संरक्षण आहे. नोंदणी टाळून वाचवलेले दोन हजार रुपये पुढे त्यांच्याच अंगाशी येऊ शकतात.

कायद्याने परवानाधारकाला भाड्याची हमी दिलेली नाही, दिली आहे ती फक्त लिहिलेल्या शब्दाची. पुनावळेत पुढची चावी हातात घेण्याआधी करारातील वाढीचा रकाना रिकामा आहे का, एवढे आधी पाहावे. तो रिकामा असेल, तर अकरा महिन्यांनी त्यात आकडा भरण्याचे काम बाजार करेल.